एक्झिफटूल: काही महिने वापरून झाल्यावर

पावसाळ्यात हार्ड डिस्क गेली. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात बक्कळ पैसे मोजून डेटा काढून घेतला, आणि हातात काय आलं तर रेकप_डिर नावाचे ढीगभर फोल्डर, आत सगळे एफ८१५७६९६.जेपीजी असल्या नावाचे फोटो. वर म्हणे नावं लावून हवी असतील तर वेगळे पडतील. डोकंच फिरलं माझं. घरी येऊन शोधलं तर ही फोटोरेकची, म्हणजे गेलेल्या फाइली परत काढणाऱ्या सॉफ्टवेअरची, खूण निघाली, आणि ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं! एफपुढचा आकडा म्हणजे डिस्कवर ज्या सेक्टरला, म्हणजे छोट्या कप्प्याला, फोटो सापडला त्याचा नंबर. मूळ नाव येणारच नव्हतं, मान्य, पण पैसे घ्यायच्या आधी सांगायला काय झालं होतं?

मग एक्झिफटूल घेतलं, फोटोच्या आत दडलेली माहिती वाचणारं आणि बदलणारं सॉफ्टवेअर, हेही फुकट. काळ्या खिडकीत कमांड टाईप करायची, बटणं वगैरे काही नाही, सुरुवातीला जाम वैताग. पण कॅमेरा फोटोच्या आत डेटटाईमओरिजिनल, म्हणजे फोटो काढल्याची तारीख-वेळ, लिहून ठेवतो, तेच उचलून नाव लावलं की २०१८०९२३_०६१०४२, म्हणजे अनंत चतुर्दशीची सकाळ, गिरगाव चौपाटीला निघायच्या आधीचा फोटो, बरोब्बर जागेवर. एकाच सेकंदाचे दोन फोटो असले तरी कमांडमध्ये तसं सांगितलं की मागे नंबर लावतं. टी ने सुरू होणाऱ्या फाइली मात्र नुसते थंबनेल, म्हणजे फोटोची छोटी झलक, असतात, त्या आधीच बाजूला काढा.

पहिले काही आठवडे मी ज्याला त्याला हेच घे म्हणून सांगत होतो. आता एक पण लावतो: व्हॉट्सअ‍ॅप. त्यावरून फोटो आला की आतली तारीख, कॅमेरा, सगळं पुसलेलं असतं, मग हे टूल तरी काय वाचणार! आत्याने पाठवलेले ताईच्या साखरपुड्याचे सगळे फोटो अजून एफ-अमुकतमुकच आहेत, आणि ह्याचा राग मला डिस्क गेल्यापेक्षा जास्त येतो. व्हॉट्सअ‍ॅपने दिलेलं मूळ नाव टिकलं असतं तर आयएमजी-२०१९१२०८-डब्ल्यूए००१२ वरून निदान फोटो कुठल्या दिवशी आला ते तरी कळलं असतं. त्यामुळे आता घरच्या ग्रुपवर सारखा मागे लागतो, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, डेटा जास्त जाऊ दे.

कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर एक्झिफटूलच्या कमांडमध्ये ऑलडेट्स लिहून सगळ्या तारखा एका झटक्यात पुढेमागे सरकवता येतात, मूळ फाइलची कॉपीही ठेवतं. नाव बदलताना मात्र कॉपी ठेवत नाही, म्हणून आधी कमांडमधल्या फाइलनेम ह्या शब्दाच्या जागी टेस्टनेम टाकून बघा, काही न बदलता नवी नावं नुसती दाखवतं.