ॲटोरवा की रोझुवा?

कोलेस्टेरॉलची गोळी लिहून मिळाली की वऱ्हाडातल्या गावांत पहिला प्रश्न ठरलेला: "बाधणार कोणती नाही?" ॲटोरव्हास्टॅटिन (ॲटोरवा) आणि रोझुव्हास्टॅटिन (रोझुवा) या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या 'स्टॅटिन' गटातल्या गोळ्या; दोन्हींमुळे अंग दुखू शकतं, दोन्हींमुळे रक्तातली साखर किंचित वाढू शकते. त्यामुळे निवड तिथे होत नाही. ती होते तुमच्या किडनीवर आणि तुम्ही आणखी कोणती औषधं घेता त्यावर.

क्रिएटिनीन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) बरंच वाढलेलं असेल तर ॲटोरवा सोयीची, कारण किडनीसाठी तिचा डोस बदलावा लागत नाही. रोझुवा मात्र अशा वेळी ५ मिग्रॅपासून सुरू करतात आणि १० च्या वर नेत नाहीत. शिवाय आशियाई लोकांच्या रक्तात रोझुवाचं प्रमाण गोऱ्यांच्या साधारण दुप्पट होतं, म्हणून आपल्याकडे कमी डोसने सुरुवात केलेली बरी. रोझुवा १० म्हणजे जवळपास ॲटोरवा २०. आकडा लहान दिसला म्हणून औषध सौम्य समजू नका.

आता गजकर्ण. पावसाळ्यात घरोघरी असतं आणि त्यावर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात. ॲटोरवासोबत त्या घेतल्या तर ॲटोरवा रक्तात साचते आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. रोझुवाला ही अडचण फारशी नाही. त्वचेच्या डॉक्टरांना ॲटोरवा चालू असल्याचं आधी सांगा, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय. रोझुवावाल्यांनी गोळी घेतल्यावर ॲसिडिटीच्या पातळ औषधापर्यंत किमान दोन तास जाऊ द्यावेत.

अंगदुखीबद्दल थोडं सविस्तर. दिवसभर पराटीत वाकून कापूस वेचल्यावर कंबर, मांड्या धरणारच; तो दोष गोळीवर टाकून लोक ती परस्पर बंद करतात. इंग्लंडमध्ये त्रासापायी स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना एखादा महिना खरी, एखादा महिना खोटी (औषध नसलेली) गोळी दिली, तर एखादा महिना कोणतीच दिली नाही. २०२० मध्ये निष्कर्ष आला: खऱ्या गोळीच्या महिन्यांतला सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही होता. म्हणजे त्रास खरा, पण कारण बहुतेक वेळा गोळी नव्हे. तरी दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे कामाशिवाय दुखत राहिले तर सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. लघवी चहासारखी काळपट झाली, अंगात त्राणच उरलं नाही, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरात कुणी गरोदर असेल किंवा तसा विचार असेल, तर दोन्हींपैकी कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नका.