ताडोब्याजवळच्या लक्झरी व्हिला प्लॉटची साईट व्हिजिट : १ स्टार, आन् तोही ड्रायव्हर भाऊसाठी

आमच्या शिवारात, सिंदेवाही-नागभीडच्या पट्ट्यात, व्हिला प्लॉटची एक स्कीम येऊन राहिली त्याचा हा रिव्ह्यू आहे. कंपनीचं नाव लिहत नाही, गावाचंही नाही, कारण मामला तहसीलमध्ये चालू आहे. पण प्लॉट घेणाऱ्यानं हे वाचलंच पाहिजे म्हणून लिहून राहिलो.

माझे भाऊजी नागपूरचे. त्यांनी मोबाईलवर जाहिरात पाहिली, जंगलाच्या कुशीत व्हिला, क्लब हाऊस, स्विमिंग पूल, प्रायव्हेट लेक, आन् ५१ हजाराचं टोकन देऊन मोकळे झाले. मग मला फोन, अरे तुमच्या तिकडंच आहे वाटते, चल पाहून येऊ. गाडीत ब्रोशर उघडलं तं मी पाहातच राहिलो. आमच्या तलावाच्या पाळीवरचे, म्हणजे बांधावरचे, ते तीन मोह! लहानपणी उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे आजीसोबत टोपली घेऊन याच झाडांखाली मोहफुलं वेचले मी. तलाव आमचाच होता, फक्त फोटोतून ढिवरांचे, म्हणजे मासे धरणाऱ्यांचे, डोंगे पुसून टाकले होते आन् काठावरचे शिंगाड्याचे वेल पण.

सर्व्हिस म्हणाल तं चांगली आहे. एसी गाडी, थंड पाणी, जेवण, ड्रायव्हर भाऊ सांभाळून चालवणारा. दाखवणारा पोरगाही गोड बोलला, त्याच्यावर माझा राग नाही, पगारावर आहे तो. पण विचारलेल्या एकाही गोष्टीचं धड उत्तर भेटलं नाही.

पहिलं म्हणजे तलाव. हा मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात असे ६ हजारांच्या वर तलाव आहेत, त्यातले बरेच कोहळी समाजानं पिढ्यान् पिढ्या बांधलेले, आन् १९५१ मध्ये मालगुजारी (इकडची जमीनदारी) गेली तवा ते सरकारकडे आले. पण पाणी कोणाच्या बांधीला (धानाच्या शेताला) जाते, ढोरं कुठून पाण्यावर उतरतात, मासे कोण धरते हे सगळं गावाच्या निस्तार पत्रकात आन् वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या हक्कांच्या सरकारी नोंदीत, लिहून असते, १९६६ च्या जमीन महसूल संहितेत त्याचे कलम १६१ आन् १६५ आहेत, तहसीलमध्ये अर्ज करून कोणीही नक्कल मागू शकते. याच तलावाच्या भरवशावर खालच्या बांध्यांत रोवणा (धानाची लावणी) होते आन् तो पोरगा म्हणते, सर, लेक फक्त मेंबर्ससाठी राहील.

मग रस्ता. ब्रोशरमधला ३० फुटी ॲप्रोच रोड म्हणजे आमची पांदण, शेतात जायची गावाची वाट. तिच्या तोंडाशी त्यांनी सिमेंटचे खांब गाडणं सुरू केलं होतं, तीन गाडून झालेले, चौथ्याचा खड्डा खोदलेला. आम्ही उभे होतो तेवढ्यात आखरावरून, म्हणजे ढोरं जमा होतात तिथून, गायकी (गुराखी) ढोरं घेऊन आला. खड्डा पाहून एक गाय बिचकली आन् मागचा सगळा कळप अडला. म्हाताऱ्यानं मला ओळखलं, म्हणे, "बाबू, आता ढोरं कोनीकडून नेऊ मी?" भाऊजी खाली मान घालून उभे राहिले.

बाजूचा ग्रीन बेल्ट म्हणून जो दाखवतात तो झुडपी जंगल आहे, सरकारी नोंदीतली झुडपांची जमीन. सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये झुडपी जंगल हे वनच आहे असं सांगितलं, तिथं बांधकामाला केंद्राची परवानगी लागते. आन् एनए (शेतजमिनीचा बिगरशेती वापर) झाला का विचारलं तं म्हणे प्रोसेसमध्ये आहे. महारेरा नंबर, म्हणजे प्रकल्पाचं सरकारी रजिस्ट्रेशन, विचारला तेही प्रोसेसमध्ये. अरे भाऊ, ५०० चौरस मीटरच्या वर जागा असली का रजिस्ट्रेशनच्या आधी जाहिरातही करता येत नाही, तुम्ही टोकन घेऊन राहिले! शेतजमीन म्हणूनच घ्या म्हणाले तरी शेतकरी नसलेल्याला ती घेता येत नाही, विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळ कायदाच आहे. त्यावर तो हळूच म्हणते, शेतकरी दाखल्याचं आम्ही पाहून घेऊ. जो हे पाहून घेतो म्हणते त्याच्यापासून सांभाळून राहा, उद्या फेरफार (जमीन नावावर चढल्याची नोंद) रद्द झाला का फसाल तुम्हीच.

ज्यांनी जमिनी विकल्या त्यांना मी दोष देत नाही. रानडुकरं उभं धान लोळवतात, वाघाच्या भीतीनं पोरं रात्री राखणीला, जागलीला जात नाहीत, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, मग माणूस विकते. पण तारेचं कुंपण पडलं का तेच डुकरं शेजारच्या बांधीत वळतात आन् तोही शेतकरी विकायला काढतो, हे आमच्या डोळ्यासमोर होऊन राहिलं.

ग्रामसभेला यावेळेस बाया पुरुषांपेक्षा जास्त होत्या, रोवण्याचे दिवस असून मजुरी पाडून आल्या. कंपनीचा माणूस गावातल्या पोरांना रोजगार देऊ म्हणाला, तं मागून एका मावशीनं विचारलं, "तुमचा स्विमिंग पूल भरल तवा आमच्या बोरिंगचं काय? मे महिन्यात आताच दोन गुंड (हंडे) पाण्यासाठी तासभर लागते." उत्तर नव्हतं. पांदण मोजून द्या, नकाशावर दाखवा आन् तलावाला हात लावू नका, असा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी चौथा खांब गाडायला माणसं आली तं बाया त्या खड्ड्यापाशी जाऊन बसल्या, दिवसभर, भाकरी तिथंच खाल्ली. ते तीन खांब अजून तसेच उभे आहेत, मोजणी व्हायची आहे.

कोणाला इकडं घर बांधायचं असन तं बांधा, आमचा माणसाला विरोध नाही. फक्त आधी गावात या, पाळीवर बसा, चार लोकांना विचारा, चहा आम्ही पाजतो. ब्रोशरवर जाऊ नका.

टोकन परत मागितलं त्याला २२ दिवस झाले, ते पण प्रोसेसमध्ये आहे म्हणतात. भाऊजी पुढच्या ग्रामसभेला येणार आहेत, मत नाही त्यांना इथं, पण ब्रोशर आन् टोकनची पावती घेऊन येतो म्हणाले.