नॉरफोकच्या पवनचक्कीत दोन रात्री

इंग्लंडमधे नॉरफोकला जुन्या पवनचक्कीच्या घरात राहून आलो. विटांची गोल चक्की आणि तिला लागून बांधलेलं घर, दोन्ही मिळून भाड्याने मिळतं, किचन बाथरूम घरात आणि झोपायच्या खोल्या चक्कीत. मला वाटलेलं बाहेरून चक्की आणि आत हॉटेल असेल, पण मालकांनी आतली यंत्रं काढलीच नाहीयेत आणि मला तेच सगळ्यात जास्त आवडलं.

आमच्या पलंगाशेजारीच चार फुटी दगडांची जोडी होती, वरची तळी जरा उचलून ठेवलेली, त्यामुळे खालच्या दगडावर हात फिरवता येतो. आपल्या जात्याला टाकी लावतात ना, तशाच टाकी लावलेल्या रेघा, अजून बोटाला खरखरीत लागतात. डोक्यावर मोठं दातेरी चाक आहे, चाक लोखंडी पण त्याला भिडणारे दाते लाकडी, कारण लोखंडावर लोखंड घासून ठिणगी उडाली आणि आजूबाजूला पीठ उडत असलं तर आगच, शिवाय एक दात तुटला तर तेवढाच बदलायचा. हे कळल्यावर मी त्या चाकाकडे बघतच बसले! धान्याच्या गोणी वर ओढायच्या झडपा पण जमिनीत तशाच आहेत, धान्य आधी एकदम वर न्यायचं, मग ते आपोआप दगडात आणि पीठ खालच्या मजल्यावर.

चक्कीच्या डोक्यावरची टोपी, जिला मोठी पाती लावलेली असतात, ती वाऱ्याकडे आपोआप वळावी म्हणून मागे छोटा पंखा आहे, त्याचं पेटंट एडमंड ली यांनी १७४५ मधे घेतलं. उघडझाप होणाऱ्या झडपांची पाती शोधून काढणारे विल्यम क्यूबिट (१८०७) तर नॉरफोकचेच.

आता त्रास. जिना म्हणजे शिडीच, उतरताना पाठमोरं उतरावं लागतं, आणि रात्री बाथरूमला जायचं तर दोन मजले खाली. आईच्या गुडघ्यांमुळे तिला वर येताच आलं नाही, ती दोन्ही रात्री खालच्या सोफ्यावर झोपली. बुकिंगच्या वेळी हे कुणीच सांगितलं नाही, ते सांगायलाच हवं होतं, मला खूप वाईट वाटलं. भिंती वर निमुळत्या होत जातात म्हणून कपाट भिंतीला टेकत नाही, बॅगा जमिनीवरच. पावसाच्या बाजूची भिंत ओलसर होती.

तरी जाणार असाल तर सगळ्यात वरची खोली मागा. पाती बांधून ठेवलेली असतात, पण रात्री वारा सुटला की मधला लाकडी खांब बारीक करकरतो, तळहात ठेवला की थरथर हाताला कळते, मी अर्धा तास तशीच उभी होते.