विमान उभं असताना काय मिळतं? पायलटांच्या नोकऱ्यांची तुलना

दोन एअरलाइनांच्या ऑफर समोर आल्या की बहुतेकांची नजर आधी तासाच्या दरावर जाते. तो आकडा सगळ्यात शेवटी बघावा, कारण पगारी तास कशाला म्हणायचं हे प्रत्येक एअरलाइन आपल्या सोयीने ठरवते. बहुतेक ठिकाणी घड्याळ सुरू होतं ते विमान गेटवरून हलल्यावर, आणि थांबतं ते पोहोचल्यावर पार्किंग ब्रेक लागल्यावर. यालाच ब्लॉक टाइम म्हणतात. त्याआधीचं ब्रीफिंग, इंधनाचा हिशेब, दोन फ्लाइटच्या मधले तीन तास, परगावच्या हॉटेलात काढलेला अख्खा दिवस, या सगळ्याचे पैसे करारात लिहिले असतील तरच मिळतात. नोकऱ्यांमधला खरा फरक विमान उभं असतानाच्या या वेळेत दिसतो.

एक चार दिवसांची ट्रिप घेऊ. पहिल्या दिवशी सकाळी ६ ला रिपोर्टिंग, तीन सेक्टर (एक उड्डाण म्हणजे एक सेक्टर), ब्लॉक ६ तास १० मिनिटं. दुसऱ्या दिवशी एकच सेक्टर, १ तास २५ मिनिटं, मग मोठा लेओव्हर, म्हणजे परगावचा मुक्काम. तिसऱ्या दिवशी तीन सेक्टर, ५ तास. चौथ्या दिवशी २ तास ५ मिनिटांचा एक सेक्टर आणि सकाळी १० ला सुटका. एकूण ब्लॉक १४ तास ४० मिनिटं. घरापासून दूर मात्र ७६ तास.

अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइनांच्या करारांत अशा ट्रिपसाठी ‘रिग’ असतात, म्हणजे किमान पगारी तासांची सूत्रं. घराबाहेरच्या दर साडेतीन तासांमागे किमान १ पगारी तास अशी रिग असेल तर ७६ तासांचे २१ तास ४३ मिनिटं होतात. शिवाय रोज सरासरी सव्वापाच तासांची हमी असेल तर चार दिवसांचे २१ तास. ब्लॉक, ट्रिप रिग आणि रोजची हमी यांत जो आकडा मोठा, तो मिळतो. म्हणजे २१:४३. रिग नसलेल्या एअरलाइनमध्ये याच ट्रिपचे पैसे १४:४० चे. दुसऱ्या एअरलाइनचा दर चाळीस टक्क्यांनी जास्त असला तरी या ट्रिपवर ती मागेच पडते. आणि रिगचा फायदा फक्त पैशांचा नाही. रिकामा वेळ कंपनीला महाग पडला की प्लॅनिंग विभाग ट्रिप आपोआप घट्ट बांधतो, आणि महिन्याला घरी मिळणारे दिवस वाढतात.

अमेरिका: नंबर सगळ्यांचा बाप

डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या तिघांचे २०२३ मधले करार एकमेकांकडे बघूनच झाले. डेल्टाचा मार्चमध्ये मंजूर झाला, चार वर्षांत एकूण सुमारे ३४ टक्के वाढ देणारा. बाकी दोघांना त्याच पातळीला यावं लागलं. त्यामुळे या तिघांत दर बघून निवड करण्यात फारसा अर्थ नाही. डेल्टाचं प्रॉफिट शेअरिंग पहिल्या अडीच अब्ज डॉलर नफ्यावर १० टक्के आणि त्यावरच्या नफ्यावर २० टक्के असं आहे. चांगल्या वर्षी ही रक्कम मोठी होते, वाईट वर्षी शून्यही होऊ शकते. घराचा हप्ता तिच्या भरवशावर ठरवू नये.

निर्णायक गोष्ट म्हणजे सिनिऑरिटी नंबर, म्हणजे एअरलाइनच्या ज्येष्ठता यादीतली तुमची जागा. कोणतं विमान, कोणता बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते शहर), उजवी सीट (फर्स्ट ऑफिसरची) की डावी (कॅप्टनची), सुट्टी दिवाळीत की फेब्रुवारीत, सगळं त्यावर ठरतं. दुसऱ्या एअरलाइनमध्ये गेलं की २० वर्षांचा कॅप्टनसुद्धा यादीच्या तळाशी, पहिल्या वर्षाच्या दरावर. म्हणून एका महिन्याने आधी बोलावणारी एअरलाइन अनेकदा थोडा जास्त दर देणारीपेक्षा बरी ठरते.

नंबरचा हिशेब घरी बसून करता येतो. निवृत्तीचं वय ६५ आहे, त्यामुळे कोणत्या वर्षी किती जण बाहेर पडणार हे आधीच माहीत असतं. समजा यादी १०,००० ची, तुमचा नंबर ९,९००, आणि पुढच्या दहा वर्षांत तुमच्या वरचे ३,५०० जण निवृत्त होणार. मग तुमचा नंबर ६,४००. कंपनीचा आकार तोच राहिला तर तुम्ही यादीत ६४ टक्क्यांवर. आता त्या एअरलाइनमधला सगळ्यात ज्युनियर नॅरोबॉडी (एकाच मार्गिकेच्या छोट्या विमानाचा) कॅप्टन किती टक्क्यांवर आहे ते पाहा. तो ७० वर असेल तर दहा वर्षांनी तुम्हाला डावी सीट मिळू शकते, पण बहुधा न्यूयॉर्कसारख्या ज्युनियर बेसला आणि रिझर्व्हवर, म्हणजे ठरलेल्या ट्रिपशिवाय, बोलावण्याची वाट बघत. या गणितात एक भोक आहे: ताफा कमी झाला तर निवृत्तीने रिकामी झालेली जागा भरलीच जात नाही.

रिझर्व्हचं दुखणं इथे नीट समजून घ्यायला हवं. शॉर्ट कॉल म्हणजे फोन आला की साधारण दोन तासांत विमानतळावर. लाँग कॉलला बारा तासांच्या आसपास अवधी मिळतो. बेसच्या गावात राहणाऱ्याला शॉर्ट कॉल घरी बसून काढता येतो. दुसऱ्या शहरातून ये-जा करणाऱ्याला मात्र चार-पाच जणांत भाड्याने घेतलेल्या ‘क्रॅश पॅड’मध्ये पडून राहावं लागतं, आणि ते दिवस कागदावर कामाचे असले तरी घरच्यांच्या लेखी सगळे बाहेरचेच. पगार महिन्याच्या हमी तासांचा मिळतो, साधारण ७२ ते ७५, उडाला नाहीत तरी. लवकर कॅप्टन झालेला ज्युनियर आणि उजव्या सीटवरच थांबलेला सिनियर फर्स्ट ऑफिसर यांच्यात जगणं दुसऱ्याचं सोपं असतं: शनिवार-रविवार त्याचे, ट्रिप त्याच्या पसंतीच्या, आणि माणसं कमी पडली की जादा दराची ड्युटीही उचलता येते. डेल्टात हिला ‘ग्रीन स्लिप’ म्हणतात, दर दुप्पट. कॅप्टनच्या चार पट्ट्यांची घाई करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा.

नंबरसुद्धा अमरपट्टा नाही. २००१ मध्ये अमेरिकनने टीडब्ल्यूए ही दुसरी एअरलाइन घेतली तेव्हा टीडब्ल्यूएच्या बहुतेक पायलटांना यादीच्या तळाशी चिकटवण्यात आलं. त्या अनुभवानंतर २००७ मध्ये कायदा आला आणि विलीनीकरणात याद्या न्याय्य रीतीने एकत्र करणं बंधनकारक झालं. पेन्शनची गोष्टही तशीच. युनायटेडची जुनी पेन्शन २००५ मध्ये आणि डेल्टाच्या पायलटांची २००६ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत बंद पडली. आता कंपनी पगाराच्या १६ ते १८ टक्के रक्कम थेट निवृत्ती खात्यात टाकते. हे जास्त चांगलं, कारण खातं तुमच्या नावावर असतं.

युरोप: रायनएअरचं वेळापत्रक

रायनएअर या लो-कॉस्ट एअरलाइनबद्दल वाईट बोलण्याची फॅशन आहे, पण तिथल्या रोस्टरला, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाला, तोड नाही. पाच दिवस सकाळची ड्युटी, चार सुट्टी, पाच दिवस दुपार-संध्याकाळची, चार सुट्टी. नऊ दिवसांचं चक्र. वर्षात साधारण ४० चक्रं, म्हणजे रजा धरण्याआधीच १६२ दिवस सुट्टी, आणि रोज रात्री बहुधा आपल्याच घरी. पुढच्या नोव्हेंबरात एखाद्या लग्नाला जाता येईल का, हे आज सांगता येतं. अमेरिकेतल्या ज्युनियरला पुढच्या महिन्याचंही सांगता येत नाही.

किंमत दुसऱ्या बाजूने चुकवावी लागते. युरोपात वर्षाला ९०० उड्डाण तासांची मर्यादा आहे आणि लो-कॉस्ट एअरलाइन तिच्या जवळपास नेतात. २०३ कामाच्या दिवसांतून वीसेक दिवस रजा वजा केली तर रोज सरासरी पाच तास उड्डाण. ते चार सेक्टरांत विभागलेलं, मध्ये २५ मिनिटांचा टर्नअराउंड, म्हणजे उतरून पुन्हा निघेपर्यंतचा वेळ. जेवण कॉकपिटमध्येच, बोर्डिंग चालू असताना. पाचव्या सकाळी पावणेचारचा अलार्म कसा वाटतो ते वेगळं सांगायला नको. नव्या माणसाला टाइप रेटिंगचा (ठरावीक विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचा) खर्चही अनेकदा स्वतःच करावा लागतो, आणि तो कर्जाचा हप्ता पहिल्या वर्षांच्या पगारातून जातो. बेस मागितलेला मिळेलच असं नाही. इटलीची आशा धरलेल्याला पोलंड मिळू शकतं.

विश्रांतीच्या नियमांत युरोप अमेरिकेपेक्षा थोडा उदार आहे. युरोपात घरच्या बेसवर दोन ड्युट्यांमध्ये निदान १२ तास, किंवा आधीची ड्युटी त्याहून मोठी असेल तर तितके तास. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तास, तिच्यात दोन स्थानिक रात्री. अमेरिकेत अनुक्रमे १० तास आणि १६८ तासांत सलग ३० तास. मात्र अमेरिकेत करार कायद्याच्या वर बरंच काही देतो, त्यामुळे नुसते नियम वाचून तुलना करू नये.

नियम चांगला, माणसं कमी

रोस्टर कितीही छान असो, एअरलाइनकडे पायलट कमी असतील तर ते कागदावरच राहतं. सप्टेंबर २०१७ मध्ये रायनएअरला रजेचं वर्ष बदलताना अंदाज चुकला म्हणून सहा आठवड्यांत सुमारे दोन हजार फ्लाइट रद्द कराव्या लागल्या. त्यानंतर डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने पहिल्यांदा पायलट संघटनांना मान्यता द्यायची तयारी दाखवली. भारतात नव्या ड्युटी नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीची लँडिंग दोनवर आणली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोच्या हजारो फ्लाइट रद्द झाल्या. नियामकाने इंडिगोला रात्रीच्या काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. म्हणून मुलाखतीच्या आधी ताफ्यात विमानं किती आणि पायलट किती, एवढं तरी काढावं. नॅरोबॉडीमागे दहाच्या खाली पायलट असतील तर सुट्टीच्या दिवशी फोन वाजणार हे गृहीत धरा.

भारतीय ऑफरमध्ये आणखी एक कलम बारकाईने वाचण्यासारखं आहे. २०१७ पासून नोटीस कॅप्टनला १ वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला ६ महिन्यांची. दुसरीकडची चांगली जागा वर्षभर थांबत नाही.

आखात: हातात येणारं जास्त, मागे राहणारं कमी

एमिरेट्सचं गणित वेगळं आहे. आयकर नाही, घर किंवा घरभाडं, मुलांच्या शिक्षणाचा भत्ता. कुटुंब आणि शाळेची मुलं असलेल्याला हे पॅकेज अमेरिकेच्या मोठ्या दरांपुढेही उभं राहतं. एकट्या माणसाला ते तितकं वजनदार नाही, कारण शिक्षणाच्या भत्त्याचा त्याला उपयोग शून्य. उड्डाणं लांबची, वाइडबॉडी म्हणजे मोठ्या विमानांची, दुबईहून जगाच्या दोन्ही टोकांना. महिन्याच्या ड्युट्या थोड्या, पण दर दुसऱ्या ड्युटीला शरीराचं घड्याळ सहा-सात तास सरकलेलं.

तिथे कामगार संघटना नाहीत. करार म्हणजे कंपनीने दिलेला कागद, आणि तो बदलला तर सामूहिक वाटाघाटीची सोय नाही. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी अमिरातीच्या कायद्याप्रमाणे पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा आणि नंतर ३० दिवसांचा पगार. पण हा पगार म्हणजे मूळ वेतन, भत्ते सोडून. एकूण पॅकेजचा मोठा भाग भत्त्यांचा असेल तर शेवटची रक्कम अपेक्षेच्या निम्मीही भरत नाही. २०२० मध्ये विमानं जमिनीवर आली तेव्हा नोकरी, घर, शाळा आणि व्हिसा एकाच पत्राने गेले, हा अनुभव तिथल्या बऱ्याच पायलटांनी घेतला.

असं फक्त आखातातच होतं असं मात्र नाही. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने ऑक्टोबर २०२० मध्ये आपली उपकंपनी कॅथे ड्रॅगन बंद केली आणि उरलेल्या पायलटांपुढे कायमच्या कमी पगाराचे करार ठेवले.

सही करण्याआधी विचारायचं

हमीचे तास किती, आणि आजारी पडल्यावर किंवा फ्लाइट रद्द झाल्यावर त्यातून कापतात का. प्रवासी म्हणून दुसऱ्या गावी पाठवलं तर पूर्ण पैसे की अर्धे. चार पायलटांच्या उड्डाणात बंकमध्ये झोपलेल्या तासांचे पैसे मिळतात का. ट्रेनिंगच्या महिन्यांत पगार कोणता. बाँडची (लवकर सोडल्यास भरायची) रक्कम दर महिन्याला घटते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते, आणि कंपनीने काढून टाकलं तरी तो वसूल होतो का. शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. लाजू नये.

मेडिकल गेलं, म्हणजे उडायला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र गेलं तर काय, हे सगळ्यात कमी विचारलं जातं. काही ठिकाणी अपंगत्व विमा पगाराचा ठरावीक भाग ६५ पर्यंत देतो, काही ठिकाणी ‘लॉस ऑफ लायसन्स’ची एकरकमी भरपाई असते आणि वयाप्रमाणे ती घटत जाते, काही ठिकाणी काहीच नसतं आणि स्वतःची पॉलिसी घ्यावी लागते. पॉलिसी असेल तर दोन ओळी शोधा: भरपाई मूळ वेतनावर मोजतात की हमी तासांच्या पगारावर, आणि मानसिक आजार वगळले आहेत का.