आठ फुटी घडीचा बीम आणि दोन इंची मॅट : खान्देशातल्या घरात कितपत टिकतात?

जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, कुठेही जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाबाहेर उभे राहा, मुलींच्या आयांचा एक प्रश्न हमखास कानावर येतो : घरी सरावाला काय घ्यावं? उत्तर म्हणून बहुतेक वेळा एकच जोडी घरी येते. आठ फूट लांब, मधोमध दुमडणारा फोमचा बीम (ज्यावर तोल सांभाळत चालायचं ती अरुंद पट्टी) आणि चार बाय आठ फुटांची घडीची मॅट. लेबलं वेगवेगळी असतात, आतला माल बराचसा सारखाच. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नसून या प्रकारच्या मालाचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर मॅट घ्या. बीम त्यानंतर, आणि मोजायची टेप लावून पाहिल्याशिवाय नाही.

टेप कशासाठी, तर स्पर्धेच्या बीमची मापं ठरलेली आहेत : लांबी 5 मीटर, वरची रुंदी 10 सेंटीमीटर, जमिनीपासून उंची 125 सेंटीमीटर. घरच्या बीमला उंची नकोच आणि लांबी अर्धी चालते, पण रुंदीत तडजोड नाही. पायाला सवय लागते ती रुंदीची. जाहिरातीत ‘चार इंची’ लिहिलेला बीम घरी आल्यावर कडा इतक्या गोलवलेल्या निघतात की सपाट भाग जेमतेम आठ सेंटीमीटर उरतो, किंवा उलट तळाची सहा इंच रुंदी वरपर्यंत तशीच आलेली असते. रुंद बीमवर मुलगी महिनाभर छान चालते आणि वर्गातल्या खऱ्या बीमवर चढली की डगमगते. तो डगमग फुकट नसतो : तोल गेल्याचे गुण प्रमाणानुसार 0.1, 0.3 किंवा 0.5 कापले जातात, पडू नये म्हणून बीम पकडला तर 0.5 आणि पडलं तर पूर्ण 1.0.

मापात पाच सेंटीमीटरनं काय होतं याचा धडा खुद्द ऑलिंपिकमध्ये मिळालेला आहे. सिडनीत 2000 साली महिलांच्या ऑल-अराउंड (सगळ्या साधनांवरचे गुण एकत्र धरणाऱ्या) अंतिम फेरीत व्हॉल्टचा घोडा, म्हणजे धावत येऊन हात टेकून ज्यावरून उडी मारतात ते साधन, 125 ऐवजी 120 सेंटीमीटरवर लावला गेला होता. जगातल्या उत्तम मुली एकामागून एक पडत होत्या आणि चूक लक्षात येईपर्यंत निम्म्या जणींच्या उड्या झाल्या होत्या. तिथे हे घडतं, तर कुरिअरनं आलेल्या खोक्यावर डोळे झाकून विश्वास कशाला ठेवायचा?

बीम उघडल्यावर तीन ठिकाणी रुंदी मोजा : दोन्ही टोकांना आणि मधोमध. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरा. मधला जोड सुतळीपासून अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त बाजूला गेला असेल तर बीम परत करा, कारण तो वाक पुढे वाढत जातो. जोडाची दिशा तर सगळ्यात महत्त्वाची. बिजागरीचं कापड वरच्या बाजूला असेल तर बीम पृष्ठभागाला पृष्ठभाग लावून दुमडतो, उघडल्यावर वरचं कव्हर सलग राहतं आणि फट खाली जमिनीकडे जाते. कापड तळाला असेल तर फट वर येते आणि नेमका अंगठा त्यात अडकतो. ज्या बीमच्या वरच्या फटीत रुपयाचं नाणं उभं शिरतं, तो मुलीला देऊ नये.

आत काय भरलंय हे विक्रेता सहसा ‘हाय डेन्सिटी फोम’ एवढंच सांगतो. दोन्ही अंगठे एकत्र करून बीमवर जोरात दाबा. ईपीई (पॉलिथिलीनच्या) फोमचा घट्ट ठोकळा किंचित दबतो आणि लगेच वर येतो. मऊ पीयू (गादीतल्यासारखा पॉलियुरेथेन) फोम असेल तर अंगठा खोल जातो, आणि तसा बीम एका पायावर गिरकी घ्यायला निकामी, कारण चवड्याखाली खळगा पडून घोटा आत कलतो. काही बीमच्या आत मधोमध लाकडी पट्टी असते. असा बीम जड आणि थोडा महाग, पण घेण्यासारखा तोच.

आता खान्देशाचा मुद्दा, जो कुठल्याच ऑनलाइन अभिप्रायात सापडत नाही. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. या उष्णतेनं पहिला बळी जातो तो गोंदाचा. फोमच्या थरांमधलं आणि जोडावरचं सोल्यूशन मऊ पडतं, थर एकमेकांवर सरकतात आणि उन्हाळा संपेपर्यंत बीम केळ्यासारखा बाकदार होतो. दुसरा बळी रेग्झिन. तापल्यावर ते चिकट होतं, घामट तळपाय त्याला धरून बसतो आणि गिरकी अर्ध्यात अडते. तेवढ्यात गुडघा पुढे फिरलेला असतो आणि पाऊल मागे राहिलेलं, म्हणून दुखणं गुडघ्याला होतं. सुएडसारखं (बारीक लव असलेलं) कव्हर यापेक्षा चांगलं, पण त्यात आपल्याकडची धूळ रुतून बसते. आठवड्याला कोरड्या ताठ ब्रशनं एकाच दिशेनं झाडा, पाणी लावू नका.

कूलर हा तिसरा शत्रू. कूलरचा झोत थेट बीमवर आला की पकडीसाठी हातापायांना लावायची मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर दमट होऊन गोळे धरते, आणि ते गोळे कव्हरवर सुकले की खडबडीत ठिपके तयार होतात. पावडर म्हणजे हेच मॅग्नेशियम कार्बोनेट, टाल्कम नव्हे. अंगाला लावायची टाल्कम पावडर पकड वाढवत नाही, पाय घसरवते. शाळेच्या फळ्याच्या खडूचा चुराही उपयोगाचा नाही.

व्यायामशाळेत मल्लखांब आणि बीम एकाच दालनात असतील तर आणखी एक पथ्य. मल्लखांबाचं एरंडेल अंगाला, तिथून सतरंजीला आणि तिथून पायाला लागतं. सुएडला एकदा तेल लागलं की डाग जात नाही आणि ती जागा कायमची निसरडी होते. मल्लखांबावरून उतरलेल्या मुलीनं पाय धुऊन, पुसूनच बीमवर जायचं.

शहाबादी किंवा गुळगुळीत टाइल्सच्या फरशीवर हा बीम सरकतो. तळाला दिलेलं न सरकणारं ‘अँटी-स्किड’ कापड धूळ बसल्यावर काम करत नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे वीतभर तुकडे दोन्ही टोकांना आणि जोडाखाली, असे तीन ठिकाणी ठेवले की प्रश्न मिटतो. मात्र तिन्ही तुकडे एकाच जाडीचे हवेत, नाहीतर बीम डुलतो.

आठ फुटांवर काय जमतं? चालणं, चवड्यावरची वळणं, एका पायावरची पूर्ण गिरकी, हँडस्टँडला (हातांवर उभं राहायला) वर जाऊन खाली येणं, एकच कार्टव्हील (हातांवरून चाकासारखं बाजूला फिरणं). 180 अंशांची स्प्लिट लीप (हवेत दोन्ही पाय पुढे-मागे सरळ फाकवून उडी) एकटी जमेल, पण तिला जोडून दुसरी उडी घ्यायला जागा उरत नाही, आणि खऱ्या रचनेत जोडणीलाच महत्त्व आहे. दोन बीम टोकाला टोक लावून ठेवले तर सोळा फूट होतात, म्हणजे जवळपास 4.88 मीटर, स्पर्धेच्या बीमपेक्षा फक्त 12 सेंटीमीटर कमी. दोन मैत्रिणींच्या घरात एकेक असेल तर रविवारी जोडून पाहायला हरकत नाही.

सुताराकडून लाकडी बीम करून घेणं हा याहून टिकाऊ पर्याय. इथे एक चूक वारंवार होते. चार इंच म्हणजे 10.16 सेंटीमीटर, म्हणून चार इंची वासा सांगितला जातो. रंधा मारल्यावर तो साडेनऊवर येतो, मग त्यावर जाड फोम आणि कव्हर चढवतात आणि रुंदी पुन्हा अकरा-साडेअकरा. सुताराला आधीच सांगा : रंधा मारून साडेनऊ सेंटीमीटर, वर आणि बाजूंना पातळ फेल्ट (दाबून केलेलं लोकरी कापड), त्यावर कव्हर, आणि शेवटी टेप लावून दहा. लाकूड वाळलेलंच हवं. ओलं लाकूड आपल्या उन्हात पीळ खातं.

मॅट मात्र खरोखर पैसे वसूल करते. दोन-दोन फुटांचे चार भाग, दोन इंच जाडी, टोकांना वेल्क्रो. कोलांटी, ब्रिज, वॉकओव्हर, कार्टव्हील यांना ती पुरते. हवेतल्या कोलांटीला बिलकूल नाही : स्पर्धेत उतरण्याची मॅट 20 सेंटीमीटर जाडीची असते, ही जेमतेम पाच. मॅट बीमला अगदी चिकटवून ठेवा. मध्ये चार बोटांची फट राहिली की घोटा तिथेच मुरगळतो. आणि मऊ मॅटच्या मोहात पडू नका. पाय रुतणाऱ्या मॅटवर मुलगी उतरून स्थिर दिसते, पण कडक पृष्ठभागावर तीच एक पाऊल पुढे जाते. छोटं पाऊल 0.1, मोठं 0.3. एवढ्यानं पदक कसं जातं ते पाहा : रिओ ऑलिंपिकमध्ये 2016 साली व्हॉल्टमध्ये भारताच्या दीपा कर्माकरचे 15.066 गुण आणि कांस्यपदकाचे 15.216, फरक 0.150. व्हॉल्टच्या अंतिम फेरीत दोन उड्यांची सरासरी धरतात, म्हणजे हा फरक एका उडीतल्या 0.3 गुणांएवढा.

सोबत ‘ऑफर’ म्हणून सुटा घरगुती बार (झोके घ्यायची आडवी दांडी) गळ्यात मारला जातो, तो घेऊ नका. पाया हलका असतो, झोका मोठा झाला की पूर्ण सांगाडा चालायला लागतो.

विक्रीनंतरची सेवा जवळपास नाहीच. सुटं कव्हर मिळत नाही, वेल्क्रोही नाही. शिवण उसवली तर रिक्षा-ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे जाड दोऱ्याचं मशीन असतं आणि मॅटची कड तो कंपनीपेक्षा मजबूत शिवतो. फक्त शिवण तळाच्या बाजूला घ्यायला सांगा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, आणि रुंदी, सुतळी, फट या तिन्ही तपासण्या परतीच्या मुदतीतच उरका. उन्हाळ्यात सराव बंद असेल तर बीम उघडून, आडवा, खालच्या मजल्यावर ठेवा. दुमडून भिंतीला टेकवून गच्चीच्या खोलीत ठेवलेला बीम जूनमध्ये सरळ निघत नाही.