माशाची पोटी विचारणारं दुकान (दांडिया बाजार, बडोदा)

उत्तरायणाच्या आठवड्यात आमच्या टाकीतल्या दोन्ही एंजल माशांनी खाणं सोडलं. मोठी निदान दाण्यावर धावायची, तोंडात घ्यायची आणि थुंकायची. धाकटी कोपऱ्यातून हलेचना. घराजवळच्या दुकानदाराने काही न विचारता निळी बाटली हातात ठेवली. मेथिलीन ब्लू! अंगावरच्या बुरशीला ते ठीक, पोटातल्या जंतूंना त्याचं काय? टाकीच्या सांध्यांतलं सिलिकॉन मात्र अजून निळं आहे.

मग नणंदेने या दुकानात पाठवलं. पाटीवरचा रंग उडालेला, आत दोन गिऱ्हाइकं कशीबशी मावतात. मालकांचा पहिलाच प्रश्न, "बेन, पोटी केवी करे छे?" म्हणजे मासा शी कशी करतो? म्हटलं, पांढरी, लांब, मागे लोंबत राहते, संक्रांतीनंतर तारेला अडकलेल्या दोऱ्यासारखी. लाल धागे बाहेर डोकावतात का? नाही. तसे असते तर ते कॅमॅलॅनस कृमी, त्यांना लेव्हामिसोल हे वेगळं औषध लागतं, म्हणाले. पाणी किती गार आहे? हे मी कधी मोजलंच नव्हतं. घरी येऊन पाहिलं तर २१ अंश! एंजलला २६च्या आसपास हवं, गारठ्यानेही भूक मरते. शिवाय पांढरी पोटी म्हणजे कधी कधी नुसतं रिकामं आतडं. म्हणून आधी हीटर लावा, दोन दिवस बघा, मग औषध. विकायला बसलेला माणूस औषध विकत नाही, हे मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

दोन दिवसांनी दोरा तसाच. मग त्यांनी सोनारासारख्या काट्यावर पोटातल्या जंतूंवरचं मेट्रोनिडाझोल मोजून ४०० मिलिग्रॅमच्या पुड्या बांधल्या. आमच्या ६० लिटरच्या टाकीला एक पुडी, दिवसाआड, तीनदा. दरवेळी आधी पाव पाणी बदलायचं, फिल्टरमधला कोळसा काढून ठेवायचा, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. आणि जोवर मासा तोंडात घेतोय तोवर खाण्यातूनही द्या, जंतू आतड्यात आहेत ना! ४० ग्रॅम दाण्यांना एक पुडी, वर लसणाचा रस. आमच्या ह्यांनी दोन दिवस फ्रिज उघडताना नाक धरलं.

मोठीने पाचव्या दिवशी दाणा गिळला. धाकटी तिसऱ्याच दिवशी गेली. पोट आधीच खपाटीला गेलं होतं, मीच उशीर केला.

एक तक्रार आहेच. पुड्यांवर पेन्सिलीने फक्त आकडा. औषधाचं नाव नाही, मुदतीची तारीख नाही. नाव विचारल्यावर लिहून दिलं, तारीख हसण्यावारी नेली. दुसऱ्या खेपेला मी मूळ डबा दाखवायला लावला, तो दाखवला. तुम्हीही मागा. हीटर बाजारभावापेक्षा थोडा महागच पडला. दुपारी एक ते पाच शटर बंद असतं, आणि स्कूटर लावायला जागा शोधण्यातच दहा मिनिटं जातात.