क्लिअर झालेला चेक आणि कलम 338

गिऱ्हाइकाने दिलेला चेक 4,28,500 रुपयांचा. माल 3,00,000 चा, त्यावर 18 टक्के जीएसटी 54,000, म्हणजे बिल 3,54,000. वरचे 74,500 ‘गाडीभाड्याचे, तुम्हीच वळते करा’ म्हणून तिसऱ्याच माणसाच्या खात्यात. तांब्याच्या वायरची बंडलं टेम्पोत गेली, 74,500 आयएमपीएसने गेले आणि मग कळलं, चेक बनावट आहे. एका धर्मादाय संस्थेच्या खऱ्या चेकची नक्कल. आता खातं गोठलंय, परराज्यातल्या पोलीस ठाण्याची नोटीस आली आहे आणि आरोपींच्या यादीत पहिलं नाव आमच्या दुकानाचं आहे. का, तर चेकवर घेणाऱ्याचं नाव तेच आहे. ज्याने फसवलं त्याचं नाव कागदावर कुठेच नाही!

लोक म्हणतात, लोभ नडला. कसला लोभ? माल बाजारभावाने दिला, उधारी दिली नाही, पैसे खात्यात जमा झाल्यावरच टेम्पो भरला. धंद्यात याहून जास्त सावधगिरी म्हणजे काय करायचं असतं, ते सांगणाऱ्यांनी एकदा काउंटरवर बसून दाखवावं.

तरी दिसायला हवं होतं, हे खरं आहे, आणि तेच जास्त झोंबतं. चेक संस्थेचा, बिल मात्र ठेकेदाराच्या नावाने मागितलेलं. तिथेच थांबायचं. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की नाव दिसतं. 15 आकडी नंबरातले पहिले दोन राज्याचे (महाराष्ट्राचे 27), पुढचे दहा म्हणजे पॅन. चेक देणाऱ्याचं नाव आणि हे नाव जुळत नसेल, तर संस्थेच्या कार्यालयात फोन करायचा, तोही गिऱ्हाइकाने दिलेल्या नंबरवर नाही, आपण शोधलेल्या नंबरवर. दुसरं, रक्कम 5 लाखांच्या आत ठेवलेली. रिझर्व्ह बँकेची ‘पॉझिटिव्ह पे’ 1 जानेवारी 2021 पासून आहे. 50,000 आणि त्यावरच्या चेकचा तपशील खातेदाराने आधीच बँकेला कळवायचा, पण ते त्याच्या मर्जीवर. सक्तीची मुभा बँकांना 5 लाखांपासून पुढे. ठकाला हे आपल्यापेक्षा चांगलं पाठ असतं. आणि तिसरं, जास्तीचे पैसे परत मागणं. बिलापेक्षा मोठा चेक देऊन वरची रक्कम तिसऱ्याच्या खात्यात टाकायला सांगणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. या एका गोष्टीपुढे बाकीच्या खुणा नसल्या तरी चालतात.

‘जमा झाले की झालं’ ही समजूत कुठून येते ते समजून घ्या. चेकचा कागद आता बँकेतून बँकेत जात नाही. सीटीएस या चेक वटवण्याच्या व्यवस्थेत तो आपल्या शाखेत स्कॅन होतो, पुढे जातं ते फक्त चित्र. ज्या बँकेने पैसे द्यायचे तिला कागदाचा पोत कळत नाही, वॉटरमार्क उजेडात धरता येत नाही. 4 ऑक्टोबर 2025 पासून तर क्लिअरिंग दिवसभर चालतं आणि सकाळी टाकलेल्या चेकचे पैसे त्याच दिवशी दिसू शकतात. सोय चांगली, पण खऱ्या खातेदाराने स्टेटमेंट बघून बोंब मारेपर्यंत टेम्पो माल घेऊन गेलेला असतो.

कागद तपासायची संधी फक्त दोघांना असते, आपल्याला आणि आपल्या शाखेला. सीटीएस-2010 चेक उजेडासमोर धरला की कागदात ‘सीटीएस-इंडिया’ दिसलं पाहिजे. नोटा तपासायचा निळा दिवा बहुतेक गल्ल्यांवर असतो. त्याखाली चेकवर बँकेचं चिन्ह चमकतं. झेरॉक्स किंवा स्कॅनवरून छापलेल्या चेकवर ‘व्हॉइड’ हा शब्द उमटतो. खालच्या पट्टीत चेक नंबरानंतरच्या नऊ आकड्यांतले पहिले तीन शहराचे असतात, मुंबई 400, पुणे 411. वर शाखा एका शहराची आणि खाली आकडे दुसऱ्याचे, असा चेक हातात घेऊच नका. मात्र कोरे खरे चेक चोरून किंवा शाई धुऊन केलेला माल या सगळ्यातून सुटतो. तिथे खातेदाराला फोन, एवढाच इलाज.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. सप्टेंबर 2020 मध्ये अयोध्येच्या राम मंदिर ट्रस्टच्या खात्यातून नकली चेकवर दोन खेपेला मिळून 6 लाख गेले. तिसरा 9.86 लाखांचा आला तेव्हा बँकेने ट्रस्टला फोन लावला, म्हणून तो अडला. अडवलं कशाने, तर एका फोनने.

आता कायदा. खातेदाराची सही खोटी असेल, तर त्याच्या खात्यातून पैसे देण्याचा अधिकार बँकेला मुळात नसतो. सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन (1987) मध्ये ते स्पष्ट केलंय. म्हणजे संस्थेला तिचे पैसे मिळणार आणि बँक ते वसूल करायला आपल्याकडे येणार. तिच्या हातात करार कायद्याचं कलम 72 आहे: चुकीने मिळालेले पैसे परत करायचे, घेणारा प्रामाणिक असला तरी. खोट्या सहीचा चेक विश्वासाने घेतला म्हणून त्यावर हक्क तयार होत नाही. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे तुरुंगातून वाचवायला उपयोगी आहे, पैसे वाचवायला नाही. हा फरक वकिलाकडे जायच्या आधी डोक्यात बसवा.

फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात: 318(4) फसवणूक, 7 वर्षांपर्यंत, 338 मौल्यवान रोख्याची बनावटगिरी, 10 वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप, 340(2) बनावट दस्त खरा म्हणून वापरणं. शेवटच्यात फक्त ‘बनावट आहे हे माहीत होतं’ एवढंच नाही, ‘तसं मानायला कारण होतं’ असेही शब्द आहेत. तपास अधिकारी नेमका तिथे बोट ठेवतो: जास्तीचे पैसे परत करताना शंका आली नाही? म्हणून पहिल्याच जबाबाला बिल, चलन, ई-वे बिल, मालाचा आवक-जावक हिशेब घेऊन जा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखापुढच्या मालाला ई-वे बिल लागतं आणि त्यात गाडीचा नंबर असतो. ठकापर्यंत नेणारा धागा बऱ्याचदा तेवढाच. ‘ई-वे बिल राहू द्या’ म्हणणाऱ्याला माल देऊ नका. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं, त्याच दिवशी उतरवून घ्या. व्हॉट्सॲपचं संभाषण डिलीट करू नका. कोर्टात देताना साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या) कलम 35(3) ची असेल तर हजर राहा, पोच घ्या. पण तिच्या भरवशावर निवांत होऊ नका. त्या नोटिशीचं संरक्षण मुख्यतः 7 वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांसाठी आहे आणि 338 त्याच्या बाहेर जातं. एफआयआरमध्ये 338 दिसलं की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचं बघा. गुन्हा परराज्यात असेल तरी मर्यादित मुदतीचा जामीन इथल्या सत्र किंवा उच्च न्यायालयातून मिळू शकतो; सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ते मान्य केलंय.

आणि आता मदत करणाऱ्यांची कहाणी. शाखेत गेलं की ‘वरून फ्रीझ आलंय, पोलिसांना भेटा’. इथल्या ठाण्यात गेलं की ‘गुन्हा तिकडचा, हद्द आमची नाही’. तिकडच्या ठाण्यात फोन उचलला तर ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’. मग बँकेचं कॉल सेंटर, जिथे दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. वाद 4,28,500 चा, पण अख्खं चालू खातं बंद. कामगारांचे पगार त्यातूनच, वायर कंपनीला दिलेले चेकही त्यातलेच. ते परत गेले आणि चेक न वटल्याची नोटीस आम्हालाच! अशी नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत दुसऱ्या खात्यातून पैसे द्या, नाहीतर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स (चेक-हुंडीच्या) कायद्याच्या कलम 138 चा, चेक न वटल्याचा खटला वेगळा गळ्यात पडेल. बनावट चेकवाल्या संस्थेला मात्र 138 ची नोटीस पाठवू नका. तिने सहीच केलेली नाही. उगाच फिर्यादीला आणखी चिडवाल. असा सल्ला देणारे वकील आहेत, म्हणून लिहिलं.

‘हद्द नाही’ म्हणणाऱ्याला नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173(1) दाखवा, हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. तरी ऐकलं नाही तर 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने, मग दंडाधिकाऱ्यांकडे. 74,500 ची तक्रार वेगळी करा, त्याच तासाला, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. ठाण्यात ‘चेकचं प्रकरण आहे, बँकेत जा’ म्हणून वाटेला लावतात, पण आयएमपीएसने गेलेला भाग ऑनलाइन फसवणूकच आहे आणि पुढच्या खात्यातून उडायच्या आत तोच अडू शकतो.

बँकेकडे गोठवण्याच्या पत्राची प्रत लेखी मागा: ठाणं, गुन्हा क्रमांक, कलम, रक्कम. पत्रात रक्कम असेल तर तेवढ्यावरच लिअन ठेवा (म्हणजे तेवढीच रक्कम अडवा), बाकी खातं मोकळं करा, असा अर्ज द्या. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये असंच सांगितलं होतं. पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली जप्ती केली असेल तर ती दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळवायची असते. कळवलीय का ते विचारा, आणि खातं सोडवायचा अर्ज त्याच संहितेच्या कलम 503 खाली तिकडच्याच कोर्टात करा. वारी चुकत नाही.

शाखेलाही सोडू नका. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 131 चं दुसरं स्पष्टीकरण वाचा: चित्रावर पैसे घेणाऱ्या बँकेने चेक दिसताक्षणी खरा वाटतो का, त्यात खाडाखोड किंवा बनावटगिरी दिसते का, हे तपासणं तिचं कर्तव्य आहे. निळ्या दिव्याखाली धरला होता का, हे लेखी विचारा. मूळ कागद शाखेने 10 वर्षं जपायचा असतो. तो पोलिसांना दिला असेल तर पंचनाम्याची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ‘पोलीस केस आहे, तिथे चालत नाही’ असं शाखेत तोंडावर सांगतात. खोटं आहे. फौजदारी तपास चालू असणं ही तिथे अडचण धरलेली नाही.

दुकान नसलेल्यांसाठी एक. ‘माझं खातं बंद आहे, चेक तुझ्या नावाने घेतो, कॅश काढून दे, 2,000 ठेव’ असं मित्राने सांगितलं तरी नाही म्हणा. आमच्याकडे दाखवायला निदान बिल आणि चलन आहे. तुमच्याकडे फक्त ते 2,000 असतील आणि पोलिसांच्या कागदात त्याला कमिशन म्हणतात.

राहिला जीएसटी. माल गेला, पैसे गेले, तरी बिल फाडलंय म्हणून 54,000 सरकारला द्यायचेच. पैसे बुडाले म्हणून जीएसटीत सूट नाही. 20 तारखेचं 3बी (जीएसटीचं मासिक विवरणपत्र) चुकलं तर 18 टक्के व्याज आणि लेट फी, खातं गोठलेलं असो वा नसो. चलन दुसऱ्या बँकेच्या खात्यातून भरता येतं, तेवढं वेळेत करा.